काकणखेड्याची कौतिक

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मिरच्यांची देठं खुडणं. आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, आदला दिवस, सकाळची वेळ. ओट्यावर जुनी साडी अंथरलेली, तिच्यावर वर्षभराच्या तिखटाची लाल मिरची. ती देठं खुडायची आणि बोलायची. मी देठं खुडायचो आणि शिंकायचो. प्रत्येक शिंकेला ती हात थांबवून माझ्या तोंडाकडे बघायची.

"उद्याना दिवस जाऊ दे," ती म्हणाली. "मंग पाहिजे तितलं शिंकजो."

उद्याचा दिवस गेला की तिनं लावलेला डाव पुरा होणार होता. नंदुरबारची मेहरूनबी मणियारीण बांगड्यांची पेटी घेऊन आमच्या गावात, भर पारावर बसणार होती आणि गावातल्या बायका तिच्यापुढे हात धरणार होत्या. दुसऱ्या गावात यात काही विशेष नाही. आमच्या गावात हे, गेली आखाजी सोडली तर, कोणाच्या आठवणीत झालेलं नव्हतं.

"कोनी उनंच नही ते?" तिनं विचारलं.

"तू शेस ना."

"मी ते भरेलच शे. मन्ही काय मोजनी?"

एवढं बोलून ती सूप आणायला उठली, खांबाला धरलं, "माले जरासं घाबरं व्हई ऱ्हायनं," म्हणाली आणि खाली बसली. ती पुन्हा उठली नाही. रिक्षा येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मुलगा सुरतेहून आला आणि सूर्य बुडायच्या आत आम्ही तिला तापीवर पोचवून आलो. मी हे हात आखडता घेऊन लिहीत नाही, झालंच तेवढ्यात. पुढे जे सांगायचं आहे त्यात मात्र ती धावते आहे.

तिचं नाव कौतिक. शाळेत ती एक दिवस गेली नाही, मी चौथीपर्यंत गेलो, पण प्रश्न सगळे तीच विचारायची. तिला एकच खोड होती. गाव दिसलं की त्याला हे नाव का पडलं ते तिला पाहिजे असायचं. एसटीत बसली की कंडक्टरची सुटका नाही. "भाऊ, ह्या गावले हे नाव काबर?" एकदा एक कंडक्टर वैतागून म्हणाला, "आजी, तिकीट घ्या. नाव सरकारनं ठेवलंय." ती म्हणाली, "सरकार कालनं शे, भाऊ. गाव पहिलानं शे." अख्खी गाडी हसली, आणि मागच्या बाकावरचा एक म्हातारा आपल्या गावाची गोष्ट सांगायला उठून पुढे आला. तो उतरायचं ठिकाण चुकला.

नवापूरला लग्नाला गेलो तर हिचं सुरू, "हे नवं, ते मंग जुनं कोठे गयं?" अक्कलकुव्याच्या बाजारात चहावाल्याला म्हणाली, "तो कुवा कोनता शे, माले दखाड." चहावाल्यानं आधी ग्रामपंचायतीचा नळ दाखवला. मग त्यालाही खाज सुटली आणि तो शेजारच्या दुकानदाराला विचारायला गेला. अशी ती दुसऱ्यालाही लावून द्यायची. मी म्हणायचो, नाव हे हाक मारायला असतं. ती म्हणायची, "नाव कोनी झोपमा ठेवत नही. जागेपनी, काही तरी दखीसन ठेवस." हे वाक्य मी जन्मभर ऐकलं. जेवताना ऐकलं, कपाशी वेचताना ऐकलं, दवाखान्याच्या रांगेत ऐकलं.

आता आमचं गाव. काकणखेडे. तापीच्या काठाला, नाल्याच्या अलीकडे. गावात एकही कासार नाही, एकही मणियार नाही. गावाला लागून एक टेकाड आहे, त्याला पांढर म्हणतात. तिथे जुनं गाव होतं, ते उठलं आणि इथे बसलं. त्या टेकाडाची माती पांढरी, खारी. आमच्याकडे मातीच्या धाब्याची, म्हणजे सपाट छपराची घरं, त्या धाब्यावर दर वैशाखात ही खारी टाकतात, मग पावसाळ्यात थेंब आत येत नाही. त्यामुळे सगळा गाव टोपल्या घेऊन पांढरीवर जायचा. आणि तिथे कुदळ मारली की मातीबरोबर बांगड्यांचे तुकडे यायचे. मूठ-मूठ यायचे.

त्या तुकड्यांची गोष्ट अशी. जुन्या काळी पाटलाच्या सुनेनं मणियाराला घरी बोलावून ओट्यावर कोपरापर्यंत काकणं भरली. संध्याकाळी शेतातून तिचा नवरा मेलेला आणला. तिनं उंबऱ्यावर हात आपटून काकणं फोडली आणि म्हणाली, या गावात जी काकणं भरेल तिची वर्षाच्या आत फुटतील. गाव उठलं ते त्या शापानं, नाव पडलं ते त्या फुटलेल्या काकणांवरून. खोटं वाटत असेल तर पांढरीवर जाऊन बघा. असं आम्ही पोटातून शिकून आलेलो.

म्हणून आमच्या बायका गावात बांगडी भरत नाहीत. नाल्यापलीकडे शिवेवर चिंच आहे, तिच्याखाली मणियारीण बसते. कामात बांगडी पिचकली तरी भर उन्हात चिंचेखाली जायचं. मेहरूनबीच्या आधी तिची सासू तिथे बसायची, तिच्या आधी तिची सासू. त्यांनी कधी नाला ओलांडला नाही. आणि पांढरीवर माती खणताना तुकडा हाताला लागला की बायका त्याच्यावर थुंकून मागे फेकायच्या.

कौतिक लग्न होऊन आली त्या वर्षीच तिला टोपली देऊन पांढरीवर नेलं. माझ्या थोरल्या भावाची बायको, तिला सगळे जिजी म्हणतात, तिनं नव्या जावेला गोष्ट सांगितली. गोष्ट संपली तशी कौतिकनं विचारलं, "पाटलानी सून एकलीच व्हती ना?"

"एकलीच."

"एक बाईना हातमा टेकाडभर बांगड्या मावन्यात कश्या?"

जिजीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. त्या हाताला पांढरी माती होती, तिचा ठसा नव्या नवरीच्या तोंडावर तसाच घेऊन ती घरी आली. माझ्या आईनं विचारलं, हे काय, तर म्हणाली, "जिजीनी उत्तर दिन्हं."

त्या दिवसापासून ती तुकड्यावर थुंकली नाही. पदरात टाकायची. आई ओरडली, "घरमा आनू नको, राखसीन." मग तिनं गोठ्यात फुटकं मडकं ठेवलं. हिरवे, काळे, पिवळ्या ठिपक्यांचे, एक निळा आणि त्यावर दुधाच्या धारेसारखी पांढरी रेघ. पोरं लहान होती तेव्हा ती ते धुऊन उन्हात मांडायची आणि पोरांपेक्षा जास्त रमायची. मी म्हणायचो, म्हशीला पेंड घाल आधी. म्हशीला पेंड घालून पुन्हा बसायची.

गावात स्लॅबची घरं आली. धाबी कमी झाली. पांढरीवर टोपलीऐवजी जेसीबी गेला, एकाच्या घराच्या भरावासाठी. त्यानं टेकाडाची एक बाजू भाकरी मोडल्यासारखी मोडली. त्या कापलेल्या बाजूला खोल आतून जे खाली पडलं त्यात कौतिकला एक गोळा सापडला. तीन बांगड्या एकमेकींना चिकटलेल्या, पिळवटलेल्या, जिलबी तेलात बिघडते तशा. ती तो घेऊन तशीच चिंचेखाली गेली. मेहरूनबी पेटी आवरत होती. मेहरूननं तो उलटा-सुलटा करून पाहिला.

"ये तो चिपकेली है, कौतिकबाय. इसमें हाथ किसका जायेगा? बच्चे का बी नहीं जायेगा."

"मंग ही कोनी घाली?"

"कोई नहीं पहना. मेरे नाना फिरोजाबाद में भट्टी पे थे. माल बिगड़ा तो ऐसाच फेंक देते. हम बच्चे इससे खेलते थे. ये भट्टी का कचरा है, बाय."

मी विहिरीच्या मोटारीवर वाफ्यांना पाणी धरत होतो. बघतो तर नाल्याच्या चढावरून सत्तरीला टेकलेली बाई पदर खोचून धावत येते आहे, एक चप्पल पायात, एक हातात.  मी तिथूनच विचारलं, "कोन मरनं?"

"कोनी नही मरनं," ती धापा टाकत म्हणाली. "तेच ते सांगी ऱ्हायनी. कोनीच नही मरनं."

तिनं चिखलात बसून मला समजावलं. हे तुकडे कोणी रडत फोडलेले नाहीत. ही काकणं कोणाच्या हातात गेलीच नाहीत. ती इथे बनायची. बनताना जी बिघडली, तडकली, ती टाकून द्यायचे. वर्षानुवर्षं टाकत आले, त्याचं हे टेकाड. काकणांचं खेडं ते काकणं करणाऱ्यांचं. "आते समजनं का? नाव कोनी झोपमा नही ठेवं." तिचे डोळे असे झाले होते की लग्नाच्या दिवशीही झाले नव्हते. माझी मोटार चालूच राहिली, वाफे फुटले, पाणी शेजाऱ्याच्या बांधात गेलं. शेजारी बोंबलत आला तर त्यालाही तिनं तो गोळा दाखवला.

मग ती जिजीकडे गेली. घरं शेजारी-शेजारी, मी मागोमाग. जिजी ओट्यावर बसली होती. कौतिकनं गोळा तिच्या तळहातावर ठेवला तसा जिजीनं विस्तव ठेवल्यासारखा टाकून दिला. कौतिकनं उचलून पुन्हा ठेवला. "बोट घाल यान्हामा. जास का?" बोट जात नव्हतं. मेहरूननं सांगितलेलं सगळं तिनं सांगितलं.  मग जिजीनं जे सांगितलं ते मी तिला विचारून इथे लिहितो आहे.

जिजीचा नवरा, म्हणजे माझा मोठा भाऊ नाना, तरुणपणी गेला. ज्वारीच्या वावरात पान लागलं, साप चावला. त्या वर्षी जिजीच्या भावानं आखाजीला हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. गावात आणून दिल्या, चिंचेपर्यंत जायचा तिला कंटाळा आला, दार लावून तिनं घरातच हातात घातल्या. पावसाळ्यात नाना गेला. "तुन्हा जेठ मन्हामुये गया," ती कौतिकला म्हणाली. इतकी वर्षं तिनं हे कोणाला सांगितलं नव्हतं. एक पोर वाढवलं, घरात सून आणली, नात पूनम तिच्याच मांडीवर वाढली, आणि ही बाई मनात नवऱ्याचा खून घेऊन भाकरी थापत होती.

"साप काय बांगड्या दखीसन चावस, जिजी?" कौतिक म्हणाली.

"तू माले शिकाडू नको," जिजी म्हणाली. "तुन्हा नवरा जित्ता शे."

कौतिकनं गोळा उचलून पदरात बांधला.  घरी येऊन ती म्हणाली, "जिजीले समजाडता नही येवाव. दखाडनं पडी."

"काय दखाडशी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा मला कळलं नाही.

त्या पावसाळ्यानंतर तिनं मला टिकाव घेऊन पांढरीवर नेलं. जेसीबीनं कापलेल्या बाजूला पाण्यानं माती धुऊन निघाली होती आणि एका ठिकाणी तांबडीलाल भाजलेली जमीन दिसत होती. मी खणलं. खाली राख, काळे-हिरवे ढेकूळ, आणि मग भाजलेल्या मातीच्या भिंतीचा एक तुकडा, ज्याच्या आतल्या अंगाला हिरवी काच अशी ओघळून चिकटलेली, जसा कढईला गुळाचा पाक. मला यातलं काही कळत नाही, पण तो तुकडा मी धोतरानं पुसून पुसून पाहिला. मी टिकाव ठेवून खाली बसलो. कौतिक हसत होती. "आठे रडारड नव्हती," ती म्हणाली. "आठे मानसं घाम गाळी ऱ्हायन्थात. बाया भाकरी लई येत व्हत्यात व्हतीन. पोरं बिघडेल काकनं लई पयत व्हतीन."

मी पुढे खणायला लागलो. उन्हाचं भान राहिलं नाही. तिला म्हटलं, बाजूला हो, टिकाव लागेल. ती बाजूला झाली नाही.

नंदुरबारच्या कॉलेजातली एक मास्तरीण आली, आमच्या भाचीच्या ओळखीची. चांगली पोरगी. साडी नेसून आली होती तरी सरळ मातीत मांडी घालून बसली. तिनं सांगितलं, हे सहा-सातशे वर्षांचं असावं, यादवांच्या काळचं म्हणा की पुढे फारुकी राजांच्या, नीट खोदल्याशिवाय सांगता यायचं नाही. मग तिनं कौतिकला विचारलं, "आजी, काच कशाची होते माहीत आहे? वाळू आणि खार. वाळू तापीची, आणि खार—" तिनं पांढरीवर हात ठेवला. आमची कौतिक उठून उभी राहिली. "हाई खारी? आमना धाबावरनी?" मास्तरीण हो म्हणाली. म्हणजे ते लोक इथे का येऊन बसले तेही उमगलं. एका हाताला वाळू, एका हाताला खारी. दोघी एकमेकींच्या हातातून तुकडे ओढून घेत होत्या, बोलत होत्या, एकीचं दुसरीला ऐकायला सवड नव्हती. ते कासार गाव सोडून का गेले, ते मात्र मास्तरणीला सांगता आलं नाही. कौतिकलाही नाही. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "गयात ते त्यास्न्या पायवर गयात. कोना शापवर नही."

आता गावाला हे पटायला पाहिजे होतं. आणि नेमकं त्याच वेळी ग्रामसभेत ठराव आला की गावाचं नाव बदलून आनंदनगर करावं. सरपंच प्रवीण, माझ्या चुलतभावाचा मुलगा, पोरगा मनानं वाईट नाही. त्याचं म्हणणं एवढंच की पोरांना मुली मिळत नाहीत. काकणखेडे म्हटलं की स्थळ दारातून परत जातं. काकणं फुटायच्या गावात कोण मुलगी देईल? माणसांनी माना हलवल्या. कौतिक बायकांच्या बाजूनं उभी राहिली.

"प्रवीण, नाव बदलं म्हनजे बाया चिंचखाल जानं बंद करतीन का?"

प्रवीण म्हणाला, "काकू, ते वेगळं."

"तेच ते एक शे. तुमी बोर्ड बदलशात आन भ्याव तसाच ठेवशात. मी सांगस. येती आखाजीले मेहरूनले पारवर बसाडा. पहिले मी भरस. वरीसभर दखा. पुढली आखाजीलोंग काही व्हयनं ते नाव बदला, मन्हं काही म्हननं नही."

"काही व्हयनं म्हनजे?" मागून कोणी तरी विचारलं.

"म्हनजे हाऊ मरना ते," ती म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं.

सभेत हसण्याचा असा कल्लोळ झाला की ग्रामसेवकाला पुढचं लिहिता येईना. प्रवीण मला म्हणाला, "आप्पा, तुमचं काय म्हणणं आहे?" मी उभा राहिलो. "मन्हं काय म्हननं? लगीन व्हयनं तवपासून मी डाववरच शे." हशा पुन्हा सुरू झाला. ठराव वर्षभर पुढे गेला. घरी येताना ती म्हणाली, "तुले इचाराले पाहिजे व्हतं का?" मी म्हटलं, विचारलं असतंस तर मी दुसऱ्याचं नाव सुचवलं असतं.

गेल्या आखाजीला मेहरूनबी नाल्यापाशी येऊन थांबली. तिलाही भीती होतीच. "चाचा, कुछ हुआ तो मेरा नाम मत लगाना," मला म्हणाली. मग बिस्मिल्ला म्हणून तिनं नाला ओलांडला. बायका दारादारात उभ्या. माहेरी आलेल्या पोरी झोका थांबवून बघत होत्या. कौतिकनं पारावर बसून दोन्ही हात पुढे केले, हिरव्या भरल्या आणि हात उंच करून वाजवले. एकही बाई पुढे आली नाही. जिजीनं दार लावून घेतलं होतं.

त्यानंतरचं माझं वर्ष काय सांगू. मेल्यावर माणसाची जेवढी चौकशी होते तेवढी माझी जितेपणी झाली. मी खोकलो की शेजारी टीव्ही बंद करायचे. प्रवीण मला मोटारसायकलवर मागे बसू देईना. "आप्पा, एसटीनं जा. वर्ष काढा." विहिरीत पाणी बघायला वाकलो की कोणी तरी मागून धोतर धरायचं. न्हावी दाढी करताना वस्तरा असा चालवायचा की जणू मी काचेचा. कौतिक मला दूध पाजायची आणि रोज सकाळी विचारायची, "आज कसं वाटी ऱ्हायनं?" मी म्हणायचो, "मरू का थांबू?" ती म्हणायची, "थांब." गावात पैजा लागल्याचंही मला कळलं. पैज लावणाऱ्यांना मी बोलावून सांगितलं, माझ्या बाजूनं लावा.

पौषात मला ताप आला. तिसऱ्या दिवशीही उतरेना तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. अंगण भरलं. बायका दुरून कौतिकच्या हाताकडे बघायच्या. जिजी आली आणि माझ्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसली. तिनं काही खाल्लं नाही. कौतिक मला काढा पाजत होती, कानाशी वाकून म्हणाली, "आते मरू नको. तुन्हासाठे नही म्हनत. तिन्हाकडे दख." मी जिजीकडे पाहिलं. नाना गेला त्या दिवशी ती जशी बसली होती तशीच बसली होती. ताप उतरला तेव्हा आधी जिजीला भाकरी वाढली, मग मला पेज.

हे सगळं पार पडून, वर्षाचा एकच दिवस उरला असताना, ती गेली.

तापीवर सरण रचत होते तेव्हा मागे कुजबुज सुरू झाली. शाप उलटला म्हणे. नवऱ्याला सोडलं आणि बाईला नेलं. मी ऐकलं. वळून म्हटलं, "शापात माझं मरण होतं, तिचं नव्हतं. निदान शाप तरी नीट पाठ करा."  पण मनात आलं, शाप खरा असता तर आज मी इथे लाकडावर असतो आणि ती घरी असती. तिला मी हे बोललो असतो तर तिनं मला हाणलं असतं.

हिरव्या बांगड्या तिच्या हातात तशाच होत्या. एकही पिचकलेली नव्हती. जिजीनं घरून निघताना त्यांच्यावरून बोट फिरवलं होतं, एकेक करून, पण तिच्या तोंडावरून मला काही समजलं नाही.

संध्याकाळी प्रवीण आला. म्हणाला, "आप्पा, उद्याचं राहू द्या. मी मेहरूनबीला फोन करतो. बायका घाबरल्या आहेत." मी म्हटलं, "फोन करू नको." तो म्हणाला, "तुम्हाला सुतक आहे." मी म्हटलं, "ते माझं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली आणि चिंचेकडे निघालो. मुलगा आडवा आला, "बाबा, लोक काय म्हणतील." मी थांबलो नाही. मेहरूनबी चिंचेखाली उभी होती, पेटी न उघडता. तिला कळलं होतं. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "चाचा, मैं वापस जाती. आज कैसा?" मी म्हटलं, "आजच." आणि तिची पेटी खांद्यावर घेतली.

गल्लीतून आम्ही दोघं चाललो. दारं उघडी होती, माणसं आत होती, हाक कोणी मारली नाही. पारावर पेटी ठेवली. मेहरूनबी बसली. मी पाराच्या पायरीवर बसलो, तिन्ही गल्ल्यांतून दिसेल असा. ऊन वर आलं. कोणी आलं नाही. मेहरूननं पेटी उघडली, बांगड्या लावल्या, पुन्हा उचलून आत ठेवायला लागली. मी म्हटलं, ठेव तशाच.

तेवढ्यात जिजीचं दार वाजलं. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पूनमचं मनगट. पूनमचं लग्न याच वर्षी झालेलं, आखाजीला माहेरी आलेली. मागून तिची आई, "सासूबाई, आपल्यालाही सुतक शे, आज नको, मन्हा जावाई—" असं म्हणत येत होती. जिजी थांबली नाही. पारापाशी येऊन तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, बाजारात बैल बघतात तसं.

"जित्ता शेस?" तिनं विचारलं.

"शे ना."

"मंग बठ तठेच. हालू नको."

तिनं पूनमला मेहरूनबीपुढे बसवलं, तिचा हात पुढे ओढला आणि म्हणाली, "हिरव्या दखाड. मापना दे, ढिल्ल्या नको."

पूनमचे दोन्ही हात भरून होईपर्यंत आणि मग शेजारच्या गल्लीतून दुसरी बाई आली तिचे भरून होईपर्यंत मी त्या पायरीवरून हललो नाही. ऊन डोक्यावर आलं, तरी सगळ्यांना दिसेल असा बसून राहिलो.